परत जाणारीचा हिशेब

नोव्हेंबर २०२० मध्ये वसईच्या एका तरुणीने नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. सोबत राहणारा जोडीदार मारहाण करतो, आज त्याने श्वास कोंडून मारायचा प्रयत्न केला, तुकडे करून फेकून देईन अशी धमकी देतो, आणि यापुढे मला त्याच्यासोबत राहायचं नाही, असं तिने त्यात स्वच्छ म्हटलं होतं. काही आठवड्यांनी तिनेच दुसरा कागद दिला. आमच्यात आता भांडण नाही, तक्रार पुढे चालवायची नाही. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला आणि त्याचा आरोप त्याच जोडीदारावर आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रकरण बाहेर आलं तेव्हा या तक्रारीचीही बातमी झाली. चहाच्या टपरीपासून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एकच प्रश्न फिरत राहिला: अहो, पण ही परत गेलीच कशाला? कोणी प्रेमाला दोष दिला, कोणी आईबापांचं न ऐकण्याला, कोणी धर्माला. पोलिसांनी कारवाई का केली नाही याची चौकशी करू, असं तेव्हाचे गृहमंत्री म्हणाले. पण दोन कागदांच्या मधल्या त्या आठवड्यांत तिच्याकडे कोण गेलं, दुसरा कागद हातात घेताना तिला कोणी काय विचारलं, याची चर्चा दोन दिवसांत विरली. ‘परत का गेली’ मात्र अजून चालू आहे.

या प्रश्नात एक गोष्ट धरूनच चाललेली असते: बाहेर दुसरी जागा होती आणि बाईने ती नाकारली. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा ती जागा नसतेच. असते ती परत पाठवणाऱ्यांची रांग, आणि त्या रांगेत पहिला नंबर माहेराचा असतो. बाईच्या मनाचं कोडं आपण हौसेने सोडवत बसतो. तिच्या पुढ्यात जो हिशेब असतो तो मात्र कोणी मांडून बघत नाही.

आधी एक-दोन आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी साधारण २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण पाव हिश्श्याच्या आसपास आहे. त्याच पाहणीत, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या १४ टक्क्यांनी कुणाची तरी मदत मागितली होती आणि ७७ टक्क्यांनी मदत तर सोडाच, कुणाला सांगितलंही नव्हतं. ज्यांनी मदत मागितली त्यांतल्या बहुतेक गेल्या आपल्याच घरच्यांकडे. पोलिसांपर्यंत पोचलेल्या अगदी थोड्या. थोडक्यात, मारहाण होणाऱ्या बाईसाठी महाराष्ट्रात आणि देशात सगळ्यात मोठी संस्था कोणती, तर आईवडिलांचं घर. म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

आमच्या आधीच्या घराशेजारी एक मुलगी अशीच माहेरी आली होती. लग्नाला काही वर्षं झालेली, पदरात एक लेक. पहिले आठ दिवस आईने तिला कामाला हात लावू दिला नाही. मग दळण तिच्याकडे आलं, मग दोन्ही वेळची भांडी, मग भाचरांचे डबे. कपडे मात्र बॅगेतच राहिले. कपाटातला एक खण तिला रिकामा करून द्यावा हे घरात कोणाच्या मनात आलं नाही, आणि मागावा हे तिच्या. बॅग दिवाणाखाली असायची. सकाळी ओढून काढायची, ड्रेस घ्यायचा, चेन लावायची, पुन्हा आत सरकवायची. घरातलं कोणी तिला वाकडं बोलत नव्हतं. वहिनी फोनवर आपल्या बहिणीला सांगताना ‘आमच्याकडे सध्या दोन माणसं वाढलीत’ एवढंच म्हणायची. दिवाळीच्या तोंडावर नवरा त्याच्या वडिलांना घेऊन आला, सासूच्या पाया पडला, पोरीला कडेवर घेतलं. हिने तीच बॅग उचलली. भरायचं असं काही नव्हतंच.

त्या घरातली माणसं दुष्ट होती का? अजिबात नाही. आईचा जीव तुटत होता. पण दोन खोल्यांत सहा माणसं, धाकट्या बहिणीचं जमायचं होतं, आणि ‘मोठी माहेरी येऊन बसलीय’ हे पाहुण्यांना कसं सांगायचं हा घोर होता. मुलीला परत पाठवताना आईबाप आपण तिला मारणाऱ्याच्या हवाली करतोय असा विचार करत नाहीत. ‘थोडे दिवस काढ, मूल मोठं झालं की तो निवळेल’ असं म्हणतात, आणि त्यावर त्यांचा खरोखर विश्वास असतो. हाच तर पेच आहे. परत पाठवणारे बहुतेक तिचे हितचिंतकच असतात.

कायद्याने त्याच घरात तिचा वाटा आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये, आणि वडील त्या वेळी हयात असोत वा नसोत, हक्क जन्मानेच मिळतो हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. आता दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेर एखादी सकाळ उभं राहून बघा. भावाच्या गाडीतून दोघी-तिघी बहिणी उतरतात, नव्या साडीत. हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही होते, जवळच्या हॉटेलात जेवण होतं, आणि बहिणी आपापल्या गावी जातात. का सही केली म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: भावाशी वाकडं कशाला घ्यायचं, माहेर तुटलं तर अडीअडचणीला जायचं कुठे? म्हणजे अडीअडचणीला माहेर उघडं राहावं म्हणून ती माहेरावरचा हक्क सोडते. आणि खरंच अडचण येते तेव्हा त्याच घरात ती पाहुणी असते. पाहुण्याने किती दिवस राहावं याचे आपल्याकडचे संकेत सगळ्यांना पाठ आहेत.

पैसा असलेल्या घरांत वेगळं असतं, असं वाटणाऱ्यांनी मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात एका तरुण सुनेच्या मृत्यूनंतर आलेल्या बातम्या आठवाव्यात. लग्नात दिलेलं सोनं, चांदी, आलिशान गाडी यांच्या याद्या छापून आल्या. प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर इथे काही बोलायचं नाही. पण त्या याद्या वाचताना मनात येतं, एवढं सगळं जावयाच्या दारात उभं करण्याऐवजी मुलीच्या एकटीच्या नावावर एक खोली घेतली असती तर? हुंड्याचा पैसा मुलीच्या संसारासाठी म्हणून जातो, पण मुलीच्या हातात त्यातलं काही राहत नाही. वर तो इतका मोठा असतो की लग्न मोडलं असं कबूल करणं म्हणजे तेवढी रक्कम पाण्यात गेली असं कबूल करणं.

माहेरानंतर पोलीस ठाणं. बाई ठाण्यात येते, गाल सुजलेला, ओठ फुटलेला. ठाणे अंमलदार ऐकून घेतो आणि एनसी लिहून घेतो. अदखलपात्र गुन्हा, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत असा. तिच्या हातात एक कागद येतो आणि तिला वाटतं तक्रार झाली. काही दिवसांनी दोघांना बोलावलं जातं, दोन्हीकडची चार माणसं येतात. ‘ताई, तुम्ही पण जरा तोंड आवरा.’ ‘तू रे, दारू कमी कर.’ मग स्टॅम्प पेपर येतो, पूर्वी शंभराचा, आता पाचशेचा: ‘यापुढे मी पत्नीस मारहाण अथवा शिवीगाळ करणार नाही व तिला नीट नांदवीन.’ खाली सह्या, साक्षीदार. समेट झाला. वर्षाअखेरीला वर्तमानपत्रात बातमी येते, पोलिसांच्या अमक्या महिला कक्षाच्या प्रयत्नांनी इतके संसार पुन्हा जुळले.

आता या स्टॅम्प पेपरची किंमत बघा. त्याने महिन्याभरात पुन्हा हात उचलला तर त्या कागदाने काहीही होत नाही. याउलट २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्याने संरक्षण आदेश दिला असेल आणि त्याने तो मोडला, तर तो गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन्ही कागदच. एकामागे राज्य उभं आहे, दुसऱ्यामागे चार पाहुणे. तरी बाईला पहिल्यांदा हातात मिळतो तो दुसराच, कारण तो एका दुपारीत होतो. संरक्षण आदेशाच्या अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि साठ दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा कशा पडतात हे ज्याने कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसून दिवस काढलेत त्याला सांगायला नको.

आणि ‘जुळलेल्या संसारां’ची ती संख्या. सहा महिन्यांनी त्यातल्या किती बायका पुन्हा दवाखान्यात दिसल्या हे त्या बातमीत नसतं. समेट हेच यश मोजलं जात असेल तर व्यवस्था समेटच घडवणार. ती पुन्हा आली की तिच्या खात्यावर एक शेरा पडतो: ‘हिचं नेहमीचंच आहे.’

हे आजचं नाही. रखमाबाईंचा खटला महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनीही कुठेतरी वाचलेला असतो, पण त्यातला एक तपशील विसरला जातो. लहानपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला, नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, पहिल्या न्यायमूर्तींनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. तडजोडीत नवऱ्याला दोन हजार रुपये मिळाले तेव्हा कुठे १८८८ मध्ये प्रकरण मिटलं. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, हा भाग आपण अभिमानाने सांगतो. पण ज्या दाव्याने त्यांना तुरुंगाच्या दारात उभं केलं तो दावा अजून कायद्यात आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९. तुरुंगाची शिक्षा गेली, दावा राहिला. आज बाईने पोटगी मागितली की तिकडून हमखास नांदायला येण्याची नोटीस निघते. हुकूमनामा झाला आणि ती गेली नाही तरी केवळ तेवढ्यावरून तिची पोटगी बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं खरं. पण गावात नोटीस घेऊन बेलिफ आला की सगळी आळी गोळा होते. सर्वोच्च न्यायालय काय म्हणालं हे त्या आळीला कोण सांगणार?

परत पाठवणाऱ्या रांगेत काही वेळा माणूसही नसतो, नुसतं कर्ज असतं. बीड, परभणी, जालना, अहिल्यानगर भागातून ऊसतोडीला जाणाऱ्यांत एक कोयता म्हणजे एक जोडपं. मुकादम पावसाळ्यात उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, देतो ती कोयत्यावर, आणि बहुतेक घरांत ती रक्कम नवऱ्याच्या हातात पडते, लग्नाच्या देण्यात, दवाखान्यात नाहीतर दारूत खर्च होते. हंगामात फडावर नवरा मारतो म्हणून बायको निघून गेली तर कोयता मोडतो. एकट्या माणसाचा अर्धा कोयता, त्याला अर्धीच उचल. म्हणजे ती माहेरी पोचेपर्यंत मुकादमाचा फोन तिच्या बापाला गेलेला असतो: पैसे टाका, नाहीतर पोरीला पाठवा. बाप कुठून टाकणार? तोही कुठल्यातरी फडावरच असतो. ही बाई परत गेली तर तिला ‘मानसिक गुलामी’ वगैरे शब्द लावण्याआधी मुकादमाची वही बघावी.

बाईच्या नावावर काही असेल तर चित्र बदलतं का? केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी हेच तपासलं. घर आणि जमीन दोन्ही नसलेल्या बायकांत ४९ टक्क्यांना नवऱ्याकडून दीर्घकाळ मारहाण झाली होती. दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. मार खाणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे मालमत्ता होती त्यांतल्या ७१ टक्के घर सोडून गेल्या, नव्हती त्यांतल्या फक्त १९ टक्के. आणि बाहेर पडून पुन्हा परतलेल्यांत ८८ टक्के मालमत्ता नसलेल्या. संख्या लहान आहे, केरळ म्हणजे महाराष्ट्र नव्हे, हे मान्य. तरी बाहेर पडून परत न गेलेल्या बायका मनाने जास्त खंबीर होत्या असं म्हणण्यापेक्षा त्यांच्याकडे दाराची किल्ली होती असं म्हणणं मला सरळ वाटतं. शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत गावोगावच्या पुरुषांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून दिला होता. आज त्या मोहिमेचं नाव भाषणात येतं, सातबाऱ्यावर तसं फारसं घडत नाही.

आता मनाची बाजू. ती नाही असं मी म्हणत नाही. १९७९ मध्ये लेनोर वॉकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी मार खाणाऱ्या स्त्रियांशी बोलून एक चक्र मांडलं: आधी घरात ताण साठत जातो, मग स्फोट, आणि मग माफी, रडणं, भेटवस्तू, शपथा. आपल्याकडे हे चक्र समजायला पुस्तक लागत नाही. रात्री पट्ट्याने मारणारा सकाळी वडापाव घेऊन येतो, मुलाला शाळेत सोडतो, आठवडाभर दारूला शिवत नाही. आणि तो आठवडा खोटा नसतो. तिने लग्न केलं ते त्या आठवड्यातल्या माणसाशी. बाहेरच्यांना दिसतो तो फक्त मारणारा, तिला दोघेही दिसतात. ती परत जाते ती बहुतेक वेळा त्या दुसऱ्याकडे. याला वेडेपणा म्हणायचं तर म्हणा. पण व्यसनी बापाला सातव्यांदा व्यसनमुक्ती केंद्रात घालणाऱ्या मुलाला आपण वेडा म्हणत नाही, मातृपितृभक्त म्हणतो.

त्याच्या जोडीला भीती असते, आणि तिची भीती आपल्या अंदाजापेक्षा जास्त बरोबर असते. ताबा गाजवणाऱ्या पुरुषाला सोडून जाण्याचा काळ हाच बाईच्या जिवाला सर्वांत धोक्याचा असतो, हे अमेरिकेतल्या अकरा शहरांतल्या खुनांच्या अभ्यासातून २००३ मध्ये पुढे आलं. आपल्याकडेही माहेरी येऊन, बसस्टँडवर गाठून, कोर्टाच्या आवारात वार केल्याच्या बातम्या वाचायला मिळतात. घरात असताना निदान त्याच्या पावलांवरून आज काय होणार ते कळतं. बाहेर तो कुठल्या वळणावर उभा असेल सांगता येत नाही. अशा वेळी घरी परत जाणं ही तिची सुरक्षिततेची योजनाही असू शकते. वाईट योजना, पण दुसरी कोणी दिली होती?

वॉकरबाईंच्या पाठोपाठ ‘शिकलेली असहायता’ हा शब्द लोकप्रिय झाला: मार खाऊन खाऊन बाई प्रयत्न करणंच सोडते. पुढच्याच दशकात एडवर्ड गोंडॉल्फ आणि एलेन फिशर यांनी टेक्सासमधल्या निवारागृहांत आलेल्या हजारो स्त्रियांच्या नोंदी चाळल्या तर उलटंच निघालं. मारहाण वाढत गेली तशी बायकांची मदत मागण्याची धडपडही वाढत गेली होती. कमी पडली ती मदत. निवारा सोडताना परत जायचं की नाही हे ठरत होतं स्वतःचं उत्पन्न, यायला-जायला वाहन, मुलांना सांभाळायची सोय अशा रुक्ष गोष्टींवर. आणि नवरा समुपदेशनाला जाऊ लागलाय असं कळलं की परत जाणाऱ्यांचं प्रमाण वाढत होतं, मग तो सुधारो वा न सुधारो. आपला पाचशेचा स्टॅम्प पेपर नेमकं हेच करतो. तिला आशेचं कारण देतो आणि त्याच्यावर कसलंच ओझं टाकत नाही.

एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळण्यासारखा नाही: मग शिकलेल्या, कमावत्या बायका का परत जातात? त्यांच्याकडे तर पगार असतो. पगार असतो, पण तो जातो कुठे ते बघू. पुण्यात, ठाण्यात नोकरी करणाऱ्या जोडप्याचा फ्लॅट दोघांच्या नावावर, गृहकर्जाचे हप्ते दोघांच्या पगारातून. ती बाहेर पडली तर घर त्याच्या ताब्यात, हप्ता मात्र तिच्या खात्यातूनही कापला जातो, आणि वर भाड्याच्या घराचं डिपॉझिट. एकट्या बाईला, त्यातून नवऱ्याला सोडलेल्या, भाड्याने घर देताना सोसायटीवाले काय काय विचारतात ते वेगळंच. मुलाच्या शाळेची फी, ताबा कोणाकडे जाईल याची धास्ती. नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या इंजिनिअर मुलीचं तर तिथे राहणंच त्याच्या नोकरीला बांधलेलं. तिचा पासपोर्ट कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे हेही काही वेळा तिला माहीत नसतं. आणि शिकलेल्या बाईला एक जादा शिक्षा असते: तिने सांगितलं की लोक म्हणतात, ‘तुझ्यासारखीने असं सहन केलं?’ म्हणून ती सांगतच नाही.

कायद्याचा गैरवापर होतो, खोट्या तक्रारीही होतात. होत असतील. ज्या देशात सोसणाऱ्यांतल्या ७७ टक्के तोंडच उघडत नाहीत तिथे चर्चेचा बराचसा वेळ या मुद्द्यावर जातो, याचं मला नवल वाटतं, एवढंच.

आणखी एक मुद्दा मात्र खरा आहे. संसार वाचवायचा प्रयत्न करणारे सगळे समुपदेशक काही बाईचे शत्रू नसतात. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हापासून पोलिसांच्याच आवारात बसून प्रशिक्षित समाजसेविका हे काम करत आल्या आहेत. २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र उभं केलं. त्यामागची कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. बाई पोलिसांकडे जात नाही, पण हात मोडला की दवाखान्यात जाते. ‘जिन्यावरून पडले’ म्हणते. तिथे नर्सला ते खोटं ओळखता आलं पाहिजे आणि पडद्यामागे नेऊन दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. ती त्याच संध्याकाळी घरी परतली तरी चालेल, पण पुढच्या वेळी कुठे यायचं हे तिला माहीत असेल. नुसता समेट जुळवणं आणि हे काम यांत फरक आहे तो इथे. परत जाणाऱ्या बाईला इथे कोणी अपयश म्हणत नाही, ‘हिचं नेहमीचंच’ असंही म्हणत नाही. कायमची सुटलेली कुठलीही बाई शोधा, तिच्या मागे एक-दोन परतीच्या फेऱ्या सहसा सापडतील. प्रत्येक फेरीत तिने काहीतरी जमवलेलं असतं: कधी वेगळं बँक खातं, कधी मुलांचे दाखले, कधी नुसता एखादा फोन नंबर.

हे मान्य केलं की पोलिसांचं कामही बदलतं. तक्रार मागे घ्यायला आलेल्या बाईचा अर्ज हा धोक्याचा कागद समजायला हवा. तिला एकटीला आत बोलवावं. बाहेर कोण थांबलंय? फोन कुणाच्या हातात आहे? आज रात्री कुठे झोपणार? त्याने कधी गळा दाबला होता का? गळा दाबणं ही नुसती मारहाण नव्हे, पुढच्या खुनाची ती मोठी खूण मानली जाते, आणि आपल्याकडे एनसीत तिची नोंद ‘धक्काबुक्की’ अशी होते. तरीही ती म्हणाली की परत जायचंय, तर जाऊ द्यावं, तो तिचा निर्णय. पण पंधरा दिवसांनी कोणीतरी, साध्या वेशातली एखादी महिला शिपाई, तिला भेटून यावी.

आणि सरकारने तिला घराचा एक भाग मानणं सोडावं. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये थेट बाईच्या खात्यात येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. मार खाणाऱ्या कितीतरी बायकांच्या आयुष्यातला तो पहिला स्वतःचा पैसा असेल. पण २०२५ मध्ये त्याच योजनेच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला, आणि ज्यांना नवरा आणि वडील दोघंही नाहीत त्यांचं काय, हा विचार मागाहून करावा लागला. घर सोडून आलेल्या बाईने नवऱ्याकडे ओटीपी मागायला जायचं? रेशनकार्डाचं तेच. त्याच्या कार्डावरून नाव कमी झाल्याशिवाय तिचं वेगळं कार्ड होत नाही, आणि नाव कमी करायला तो सही देत नाही.

शेवटी छप्पर. केंद्राच्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरती राहायची सोय आहे, साधारण पाच दिवसांची. पुढे शासकीय किंवा संस्थांची निवारागृहं, तीही जिल्ह्याच्या गावी, आणि ठरावीक वयापुढचा मुलगा आईसोबत तिथे राहू शकत नाही. त्याला बालगृहात पाठवावं लागतं. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, ज्याने कदाचित आईला वाचवायला बापाचा हात धरलाय, त्याला बालगृहात ठेवून आईने निवाऱ्यात राहायचं. किती आया हे करतील? हा नियम बदलायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत, आई आणि मुलासाठी वेगळ्या खोल्या असलेली दोन-चार घरं प्रत्येक जिल्ह्यात भाड्याने घेतली तरी पुरेल. आणि तोवर निदान एक करता येईल: सखी केंद्रातून सहाव्या दिवशी बाहेर पडलेली प्रत्येक बाई कुठे गेली, याची नोंद ठेवायची आणि ती दरवर्षी जिल्हावार जाहीर करायची.